टिपेनंतरची इस्त्री

शिवणकामात पाव इंच म्हणजे दोन सूत. पॅचवर्कची क्विल्ट करणारी बाई अडीच इंचांचे चौकोन कापते, प्रत्येक बाजूला दोन सुतांची माया धरते आणि शिवून झाल्यावर तिला बरोबर दोन इंचांचा चौकोन दिसायला हवा असतो. असे अकरा चौकोन एका ओळीत जोडले की दहा शिवणी येतात. टीप अगदी रेषेवर पडली, पण शिवण पूर्ण उघडून दाबली गेली नाही आणि दर शिवणीत अर्धा सूत कापड घडीतच अडकून राहिलं, तर ओळ पाच सुतांनी आखूड होते. म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. शेजारची ओळ नीट दाबलेली असेल तर दोन्हींची टोकं जुळत नाहीत. मग ओढाताण सुरू होते, एका बाजूला चुण्या येतात, आणि चार दिवसांची मेहनत उसवायला घ्यावी लागते. यात दोष कात्रीचा नसतो, मशीनचा नसतो, दोऱ्याचाही नसतो. शिवण आणि शिवण यांच्यामध्ये जी इस्त्री फिरायला हवी होती, ती फिरलेली नसते किंवा चुकीची फिरलेली असते.

शिलाई मशीन घेताना घरात आठ-आठ दिवस चर्चा होते. पायाचं घ्यायचं की मोटरचं, पिको-फॉलची सोय आहे का, दुरुस्तीला माणूस जवळ मिळेल का, सगळं विचारलं जातं. इस्त्री मात्र ‘घरात आहेच की’ या सदरात जाते. शर्टांसाठी घेतलेली हलकी, गुळगुळीत तळाची, वाफेचे फवारे सोडणारी इस्त्री ब्लाउजच्या गळ्याला आणि क्विल्टच्या ब्लॉकलाही चालेल, असं धरून चाललं जातं. कपडे नीटनेटके करणारी इस्त्री आणि कपडे घडवणारी इस्त्री यांच्याकडून होणाऱ्या अपेक्षा वेगळ्या आहेत. त्या कुठे वेगळ्या आहेत हे कळलं, की दुकानातल्या खोक्यांवरच्या मोठ्या अक्षरांपैकी निम्मी अक्षरं न वाचताही चालतात.

दाबणं आणि फिरवणं

धुतलेल्या शर्टाला इस्त्री करताना हात पुढे-मागे सरकतो. शिवणीवर इस्त्री करताना हात वर-खाली होतो: उचलायची, ठेवायची, दाबायची, पुन्हा उचलून पुढे ठेवायची. जुने जेंट्स टेलर कोटाच्या कॉलरवर काम करतात तेव्हा त्यांचा हात पाहिला तर हे लगेच लक्षात येतं. इस्त्री सरकतच नाही, जागा बदलते.

यामागचं कारण कापडाच्या विणीत आहे. उभ्या धाग्याच्या दिशेने कापड जवळजवळ ताणलं जात नाही, आडव्या धाग्याच्या दिशेने थोडं ताणलं जातं आणि उरेब, म्हणजे तिरप्या दिशेने, ते सहज लांबतं. चौकोनाचा कर्ण कापून केलेल्या त्रिकोणाची एक बाजू पूर्ण उरेब असते. अशा त्रिकोणांच्या जोडशिवणीवर गरम, ओली इस्त्री सरकवली की ती बाजू लांबते आणि चौकोनाचा पतंग होतो. ब्लाउजच्या गळ्याची उरेब पट्टी अशाच इस्त्रीने लहरते, आणि अंगात घातल्यावर गळा उघडा पडतो.

सुती कापडात घडतं ते असं. कापूस म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलाव्याने हे बंध सुटतात, उष्णतेने पाणी उडून जातं आणि त्या क्षणी कापड ज्या अवस्थेत दाबलेलं असेल त्या अवस्थेत बंध पुन्हा जुळतात. म्हणून कापड फक्त गरम करून भागत नाही; ते सपाट असतानाच कोरडं आणि गार व्हावं लागतं. गरम ब्लॉक लगेच उचलून गाठोड्यावर टाकला तर दाबलेली शिवण पुन्हा फुगते. पाश्चात्य टेलर याच कामासाठी पॉलिश न केलेल्या कठीण लाकडाचा ठोकळा वापरतात. इस्त्री उचलताच तो शिवणीवर ठेवतात. लाकूड वाफ शोषतं, उष्णता क्षणभर अडवून धरतं आणि दाब कायम ठेवतं. सुताराकडून असा गुळगुळीत ठोकळा करून घेणं अवघड नाही, आणि जाड कापडावर त्याचा उपयोग महागड्या इस्त्रीइतका होतो.

क्विल्ट करणाऱ्यांचा आणखी एक क्रम ठरलेला असतो. टीप मारल्यावर शिवण उघडण्याआधी, दोन्ही तुकडे एकमेकांवर तसेच असताना, एकदा टिपेवर इस्त्री ठेवायची. त्यामुळे दोरा कापडात बसतो. मग वरचा तुकडा उघडायचा आणि दोन्ही माया गडद रंगाच्या बाजूला वळवून दाबायच्या, म्हणजे फिक्या कापडातून त्यांची सावली दिसत नाही. शेजारच्या ओळीत माया उलट दिशेला वळवल्या की दोन शिवणी एकमेकींत घट्ट बसतात आणि चौकाचा कोपरा तंतोतंत जुळतो.

तीन शोध, आजही उपयोगाचे

1871 साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ऑटम्वा गावच्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स यांनी इस्त्रीचं पेटंट घेतलं. तोवर इस्त्री म्हणजे चुलीवर तापवायचा लोखंडाचा अखंड ठोकळा. मूठही लोखंडाची, त्यामुळे हात भाजायचा. पॉट्सबाईंनी काढता-घालता येणारी लाकडी मूठ केली. तीन ठोकळे चुलीवर ठेवायचे, एक वापरायचा, तो गार झाला की मूठ काढून दुसऱ्याला लावायची. त्यांच्या इस्त्रीला दोन्ही बाजूंना टोक होतं, त्यामुळे हात मागे येतानाही कापड चुरगळत नसे. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती हजारो लोकांनी पाहिली. जपानच्या पॅनासॉनिक कंपनीच्या आजच्या बिनवायरच्या इस्त्रीला दोन्हीकडे टोकं आहेत.

विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांच्या नावावर आहे, तारीख 6 जून 1882. एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र त्याच शहरात सुरू झालं 4 सप्टेंबर 1882 ला. इस्त्री आधी आली, वीज नंतर. पुढची कित्येक वर्षं अनेक ठिकाणी वीज फक्त दिव्यांपुरती, रात्रीची मिळत असे.

कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरिओ गावच्या वीज कंपनीत काम करणाऱ्या अर्ल रिचर्डसन यांनी हलकी विजेची इस्त्री करून ग्राहकांना वापरायला दिली आणि इस्त्रीच्या ठरलेल्या वारी, मंगळवारी, दिवसाही वीज सोडायला कंपनीला राजी केलं. बायकांनी त्यांना सांगितलं, की इस्त्री मध्ये खूप तापते आणि टोकाशी गार राहते. बटणांभोवती, चुण्यांत आणि काठाशी तीच उष्णता हवी असते. मग 1905 च्या सुमारास त्यांनी तापणारी तार टोकाकडे एकवटली, आणि ‘हॉटपॉइंट’ हे नाव जन्माला आलं.

शिवणकामासाठी इस्त्री तपासताना या माणसांनी सोडवलेलेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. मूठ दोन तास धरता येईल का? टोक अरुंद आहे का? टोकापर्यंत उष्णता पोचते का?

वजन हा दोष नव्हे

कोळशाची पितळी इस्त्री पाच-सहा किलोंची असे. परटाच्या हातगाडीवर ती अजूनही दिसते. राखेचा कण पडला तर कपड्याला डाग पडतो आणि ठिणगीने भोक पडतं, तरी टेलरकडे ती बरीच वर्षं टिकली, कारण तिचा दाब हाताने द्यावा लागत नसे. इस्त्री नुसती ठेवली की काम होई.

विजेच्या इस्त्र्या उलट दिशेने गेल्या. आज बाजारात मिळणाऱ्या हजार वॅटच्या अनेक साध्या इस्त्र्या किलोभरही भरत नाहीत. घरच्या कपड्यांसाठी हे बरंच आहे. शिवणीसाठी मात्र उणा पडलेला दाब खांद्याला द्यावा लागतो. म्हणून काही भारतीय कंपन्या ‘हेवी वेट’ या नावाने दीड-पावणेदोन किलोंच्या साध्या इस्त्र्याही काढतात. जाड तळाचा आणखी एक फायदा आहे. धातू जितका जास्त, तितकी उष्णता जास्त साठते. ओल्या कापडावर ठेवल्यावर तापमान एकदम कोसळत नाही आणि थर्मोस्टॅट चालू-बंद होत असताना चढ-उतार कमी होतो. मात्र मनगट किंवा खांदा दुखत असेल त्या बाईने जड इस्त्रीचा हट्ट धरू नये. मध्यम वजनाची इस्त्री आणि लाकडी ठोकळा ही जोडी तिला जास्त साथ देईल.

या साध्या इस्त्रीचं पोट उघडलं तर पारंपरिक रचनेत अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर गुंडाळलेली नायक्रोमची पट्टी सापडते. नायक्रोम हा निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू लाल होईपर्यंत तापला तरी लवकर गंजत नाही. अल्बर्ट मार्श यांनी 1906 साली त्याचं पेटंट घेतलं. अभ्रक वीज अडवतं आणि उष्णता जाऊ देतं. झारखंडातलं कोडर्मा एके काळी या अभ्रकासाठी जगभर ओळखलं जाई. अशा इस्त्रीचं एलिमेंट जळालं तर गल्लीतला वायरमन ते बदलून देतो. नव्या वाफेच्या इस्त्र्यांत तापणारी नळी तळातच ओतून पक्की केलेली असते. ती गेली की बहुधा इस्त्रीच बदलावी लागते. रोज आठ-दहा तास काम करणाऱ्या शिंपीणकाकूंना हा फरक पैशांत मोजता येतो.

वॅट आणि भिंतीतला प्लग

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत वॅट लिहिलेले असतात. 1000, 1400, 2000, 2400. आकडा मोठा म्हणजे इस्त्री जास्त गरम होते, असा समज आहे. तापमानाची कमाल मर्यादा थर्मोस्टॅट ठरवतो. वॅटवरून कळतं ते इतकंच, की तिथवर पोचायला आणि गमावलेली उष्णता भरून काढायला किती वेळ लागेल. कोरड्या सुती ब्लॉकसाठी हजार वॅट पुरतात. सतत वाफ काढायची असेल तर पाणी उकळायला जास्त वीज लागते, म्हणून वाफेच्या इस्त्र्यांचे आकडे मोठे असतात.

महाराष्ट्रातल्या घरांत खरा अडथळा भिंतीत असतो. पंखे-दिव्यांच्या बोर्डावरचा लहान प्लग सहा अँपियरचा. 230 व्होल्टला सहा अँपियर म्हणजे 1380 वॅट. हजार वॅटची इस्त्री साधारण 4.3 अँपियर घेते आणि तिथे निर्धास्त चालते. दोन हजार वॅटची इस्त्री 8.7 अँपियर घेते. तिला मोठ्या पिनांचा सोळा अँपियरचा पॉवर प्लग लागतो. शिलाईच्या खोलीत तो नसेल तर बायका अडॅप्टर लावतात किंवा स्वस्त एक्स्टेन्शन ओढतात, आणि वायर तापते. इस्त्री निवडण्याआधी खोलीतला प्लग पाहावा. त्याच वेळी अर्थिंग आहे का हेही वायरमनकडून तपासून घ्यावं. इस्त्रीचा तळ धातूचा, बाजूला पाणी आणि ओलं कापड. आतली वायर सुटून तळाला लागली तर अर्थिंगच जीव वाचवते. तिसरी पिन काढून दोन पिनांच्या प्लगात घुसवलेली इस्त्री म्हणजे थेट धोका. इस्त्रीवर आयएसआयचं चिन्ह असणं कायद्याने सक्तीचं आहे. ते नसेल तर सौदा तिथेच थांबवावा.

परदेशातल्या मुली-सुनांमुळे एक प्रश्न हल्ली वारंवार येतो. अमेरिकेत क्विल्टिंगसाठी नावाजलेली इस्त्री सुटकेसमधून आणली तर इथे चालेल का? तिथली वीज 120 व्होल्टची. विजेचा दाब जवळपास दुप्पट झाला की ओढली जाणारी शक्ती जवळपास चौपट होते. तिथली हजार वॅटची इस्त्री इथे सरळ प्लगात लावली तर ती साडेतीन हजारांहून जास्त वॅट ओढू पाहील आणि जळेल. उलट, इथली हजार वॅटची इस्त्री न्यू जर्सीत नेली तर तिला जेमतेम पावणेतीनशे वॅट मिळतील. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण इतक्या शक्तीचा ट्रान्सफॉर्मर इस्त्रीहून जड आणि बहुधा महाग असतो.

वाफ कुठे हवी, कुठे नको

लोकरी कोट, डेनिम, जाड सुती पडदे यांच्या शिवणी वाफेशिवाय बसत नाहीत. क्विल्टच्या लहान तुकड्यांना मात्र वाफेचं वावडं आहे. ओला त्रिकोण ताणला जातो, धुऊन न घेतलेलं कापड आटतं. म्हणून अनेक जणी तुकडे जोडताना कोरडी इस्त्री वापरतात आणि ब्लॉक पूर्ण झाल्यावर एकदाच, वरून ठेवून, वाफ देतात. कापायच्या आधी कापडाला खळ देऊन इस्त्री करणं हा आणखी चांगला उपाय. ताठ झालेलं कापड कापताना आणि शिवताना हलत नाही. खळीमुळे कसर लागते, म्हणून क्विल्ट कपाटात ठेवण्याआधी धुवावी.

वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात आणि भोकाखाली धातू नसतो. पेस्टिंग चिकटवताना हे महागात पडतं. कॉलर, कफ, ब्लाउजचा गळा, पिशवीचं तोंड इथे जे डिंकवालं अस्तर लावतात, त्याच्या पाठीवर राळेचे बारीक ठिपके असतात. ते वितळून कापडात मुरायला साधारण 120 ते 150 अंश सेल्सिअस तापमान, सारखा दाब आणि दहा-पंधरा सेकंद हवे असतात. इस्त्री सरकवली तर ठिपके पसरतात. भोकाखालचा भाग कच्चा राहिला तर पहिल्या धुण्यात तिथे फुगा येतो. म्हणून इस्त्री उचलून अर्धी पुढे ठेवायची, म्हणजे आधी भोकाखाली आलेली जागा दुसऱ्या खेपेला धातूखाली येते. ज्या बाईचं मुख्य काम ब्लाउज आणि पिशव्यांचं आहे तिला भोकं नसलेली, सपाट, जड साधी इस्त्री जास्त लाभते. ओलावा हवा असेल तिथे पिळलेलं मलमलचं फडकं आहेच.

पाणी हा वेगळा विषय. बोअरचं जड पाणी वापरलं की त्यातले क्षार आत साचतात, भोकं बुजतात आणि एके दिवशी पांढऱ्या कापडावर तपकिरी ओघळ येतो. आतली साफसफाई कशी करायची हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. ती दर महिन्याला केली तर इस्त्री पुष्कळ टिकते. कोणतं पाणी घालायचं हेही तिथेच पाहावं, कारण काही कंपन्या नळाचंच पाणी सांगतात आणि फार जड असेल तर त्यात शुद्ध पाणी मिसळायला सांगतात. काम संपल्यावर टाकी रिकामी करणं मात्र प्रत्येक इस्त्रीला मानवतं.

सतत वाफ लागणाऱ्या लहान कारखान्यांत आणि मोठ्या टेलरांकडे वेगळी इस्त्री असते. डोक्यावर हुकाला पाण्याची बाटली टांगलेली, तिच्यातून नळी खाली इस्त्रीत येते आणि बटण दाबलं की पाणी गुरुत्वाकर्षणाने तापलेल्या कप्प्यात उतरून वाफ होतं. कोरियन ‘सिल्व्हर स्टार’च्या अशा इस्त्र्या भारतात सर्रास दिसतात. ती वजनदार असते, दिवसभर चालते, सुटे भाग मिळतात आणि तळाला टेफ्लॉनचा बूट चढवता येतो, म्हणजे काळ्या कापडावर चकाकी येत नाही. तिच्यासाठी पक्की जागा आणि पॉवर प्लग हवा. घरातून ब्लाउजचा मोठा व्यवसाय चालवणाऱ्यांना ती परवडते. महिन्यातून चार ब्लॉक जोडणारीला तिची गरज नाही.

रेशीम, जर आणि टिंबांचं गणित

कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात टिंबं असतात. एक टिंब म्हणजे 110 अंशांपर्यंत, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. कृत्रिम धागे पहिल्या टिंबात, लोकर आणि रेशीम दुसऱ्यापर्यंत, सुती आणि लिनन तिसऱ्यात. पॅचवर्कमध्ये मात्र लेबल नसलेले तुकडे एकत्र येतात. खणाचा तुकडा, जुन्या पैठणीचा काठ, पॉलिएस्टरचं अस्तर शेजारी शेजारी असतात. तिथे सर्वांत नाजूक तुकड्याचं तापमान सगळ्या ब्लॉकला लागू होतं.

जरीच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. अस्सल जर म्हणजे चांदीची तार धाग्यावर गुंडाळून सोन्याचा मुलामा दिलेली. ती उष्णता सोसते, ओलाव्याने मात्र काळवंडू शकते. आजच्या स्वस्त जरीत पॉलिएस्टरच्या फिल्मवर धातूचा पातळ थर असतो. गरम इस्त्रीने ती आक्रसते आणि काठ कायमचा सुरकुततो. म्हणून काठ उलट्या बाजूने, मधे मलमल ठेवून, कमी उष्णतेवर दाबावा. रेशमावर इस्त्रीतून पाण्याचा थेंब गळला तर डाग पडतो, त्यामुळे रेशमाच्या दिवशी वाफेची टाकी रिकामीच असलेली बरी.

क्विल्टच्या आत पॉलिएस्टरचा थर घातला असेल तर तयार क्विल्टवर इस्त्री फिरवू नये. तंतू उष्णतेने मऊ होऊन चपटे होतात, ऊब देणारी हवा निघून जाते आणि पुन्हा फुगवटा येत नाही. सगळं दाबकाम वरचा थर सुटा असतानाच संपवायचं.

स्वतः बंद होणारी इस्त्री

इस्त्री सारखी चालू-बंद होते, ही परदेशी क्विल्टकारांची जुनी तक्रार. अनेक इस्त्र्या आडव्या ठेवल्या तर तीस सेकंदांत आणि उभ्या ठेवल्या तर आठ मिनिटांत आपोआप बंद होतात. घर सुरक्षित राहतं. पण क्विल्टचं काम असं असतं, की दहा मिनिटं टिपा मारायच्या, मग मिनिटभर इस्त्री. दर वेळी ती गार झालेली सापडते. म्हणून तिथल्या काही जणी जुन्या पद्धतीच्या, स्वतः बंद न होणाऱ्या इस्त्र्या मुद्दाम शोधतात. भारतातल्या साध्या इस्त्र्यांत ही सोय बहुधा नसतेच, त्यामुळे जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. इस्त्रीच्या प्लगाचा स्विच मशीनवर बसल्या जागेवरून दिसेल अशा ठिकाणी असावा. घरात रांगतं मूल असेल तर आपोआप बंद होणारीच इस्त्री घ्यावी आणि पुन्हा तापायचं ते मिनिट सोसावं.

कॅलिफोर्नियाच्या ‘ओलिसो’ कंपनीची इस्त्री मुठीवरून हात काढताच छोट्या पायांवर आपोआप वर उचलली जाते. हात लावला की खाली बसते. शिवणीवर शंभर वेळा इस्त्री उभी-आडवी करण्यात मनगट वळतं, ते यात वाचतं. जपानच्या ‘क्लोव्हर’ची काठीसारखी चिमुकली इस्त्री बोटभर तळाची असते, ती ॲप्लिकच्या पाकळ्या, बाहुलीचे कपडे आणि उरेब पट्टीचे कोपरे यांसाठी. बिनवायरच्या इस्त्र्या बैठकीवर ठेवून तापवायच्या आणि थोड्या वेळाने पुन्हा तिथे ठेवायच्या. डावखुऱ्या बाईला वायरची अडचण नसलेली ही रचना विशेष सोयीची. इथे मात्र एका साध्या जड इस्त्रीच्या जोडीला प्रवासासाठी मिळणारी छोटी इस्त्री घेतली, तरी बारीक कामं बरीचशी होतात.

इस्त्रीखाली काय आहे

इस्त्रीचं निम्मं काम खालच्या पृष्ठभागावर ठरतं. दुकानी घडीच्या टेबलाला मऊ स्पंज असतो; त्यावर शिवण आत दबते आणि ब्लॉकचा आकार सुटतो. परदेशात क्विल्टवाल्या दाट, नमदा केलेल्या लोकरीची चटई पसरतात. लोकर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे कापड खालूनही तापतं, आणि खरखरीतपणामुळे तुकडा सरकत नाही. आपल्याकडे जुन्या टेलरच्या टेबलावर घडी घातलेलं कांबळं आणि वर सुती चादर असते, ते याच कारणाने. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी या कामाला उत्तम. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, म्हणून ती आधी धुऊन वाळवावी, चारपदरी घडी करावी आणि वर पांढरं सुती कापड ताणून बांधावं.

गोधडीला इतकं काही लागत नव्हतं, हेही खरं. मऊ झालेल्या जुन्या साड्यांचे मोठे तुकडे, हाताचा धावदोरा, आणि कडा वळवायला बोटं. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून निसटलेले आफ्रिकी गुलाम होते, आणि घरातली बोली कोकणी वळणाची. कवंदी काठापासून सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्याकडे जाते; प्रत्येक तुकड्याची कड शिवतानाच बोटाने मुडपली जाते आणि चार कोपऱ्यांना फुलं म्हणून कापडाचे तुकडे लावल्याशिवाय ती पुरी होत नाही. तिथे मापाचा जाळीदार आराखडाच नाही, त्यामुळे सुताचा हिशेबही नाही. बोटाने घडी पाडण्याचं हे कसब मशीनवर काम करणारीलाही उपयोगी आहे. उरेब तुकडे जोडताना आधी नखाने किंवा लाकडी पट्टीने शिवण उघडायची आणि ब्लॉक पूर्ण झाल्यावरच गरम इस्त्री ठेवायची, म्हणजे ताणण्याची संधीच कमी होते.

दुकानात उभं राहिल्यावर

मुंबईत लोहार चाळीत किंवा गावातल्या विजेच्या दुकानात इस्त्री घेताना ती खोक्याबाहेर काढायला सांगावी. उलटी करून तळावर लोखंडी पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवावी. मधे प्रकाश दिसला तर तळ सपाट नाही. टोक कॉलरच्या कोपऱ्यात शिरेल इतकं निमुळतं हवं. वाफेची इस्त्री असेल तर भोकं टोकाशी आहेत की मागे, वाफ पूर्ण बंद करता येते का, हे पाहावं. मूठ धरून इस्त्री दहा-बारा वेळा उचलून ठेवावी. बोटांची मागची बाजू गरम भागाला लागणार असेल तर ते इथेच कळतं. वायर दोन मीटरच्या आसपास आणि तिचा मुठीपाशी सांधा फिरता असावा. न चिकटणारा लेप पेस्टिंगचा डिंक सहज सोडतो, पण बटण-झिपवरून ओरखडतो; स्टीलचा तळ ओरखडे सोसतो, पण डिंक जळून बसला की घासावा लागतो.

कामाप्रमाणे निवड साधारण अशी लागते. सुती पॅचवर्क आणि ब्लाउज हेच मुख्य काम असेल तर भोकं नसलेली जड साधी इस्त्री, हजार ते बाराशे वॅट. पँट, कोट, पडदे शिवायचे असतील तर वाफ बंद करता येणारी मोठ्या वॅटची इस्त्री आणि पॉवर प्लग. दिवसभराचा धंदा असेल तर बाटली टांगायची इस्त्री.

घरी आणल्यावर बिल जपून ठेवून पहिल्याच आठवड्यात एक चाचणी करावी. वीतभर पांढऱ्या सुती कापडावर त्याच मापाचं पेस्टिंग ठेवावं, इस्त्री सुतीवर तापवून न सरकवता पंधरा सेकंद दाबावी आणि कापड पूर्ण गार होऊ द्यावं. मग टोकाखालचा, मधला आणि मागचा भाग नखाने सोलून पाहावा. तिन्हीकडे सारखं चिकटलं असेल तर तळ सारखा तापतो. टोकाकडचं सुटत असेल तर इस्त्री बदलून मागावी. कापडावर पिवळी झाक आली तर खटका एक घर खाली आणून पुन्हा करून पाहावं, आणि जिथे डाग न पडता पेस्टिंग पक्कं बसलं त्या जागी खटक्याशेजारी रंगाची बारीक खूण करून ठेवावी.